चढावर हिसके देणारी मोटार

मोटार ही आता काही केवळ शहरातल्या मंडळींची चीज राहिलेली नाही. मावळात सहज हिंडून पाहा. कामशेतला, पवनानगरला, कार्ल्याच्या आसपास भातखाचरांना लागून ज्या अंगणात पूर्वी बैलगाडी सोडलेली दिसे, तिथे आज मोटार उभी असते. पुष्कळदा ती दुसऱ्याकडून जुनी घेतलेली असते, पण घरचा सगळा भार तिच्यावरच. तिच्यातून दुधाचे कॅन जातात, अडलेली बाळंतीण तळेगावच्या दवाखान्यात जाते, मुलाला परीक्षेच्या केंद्रावर सोडायचे तेही तिच्यातूनच. आणि या मोटारीविषयी एक तक्रार आमच्याकडे फार ऐकू येते. "सपाटीला झकास पळते हो, पण घाट लागला आणि जरा रेस दिली, की हिसके मारते."

मिस्त्री मंडळी याला 'मिसिंग' म्हणतात. गंमत अशी की, मालक गाडी घेऊन त्यांच्याकडे जातो, मिस्त्री बोनेट उघडतो, गाडी उभी असतानाच रेस देऊन पाहतो, आणि इंजिन कसे अगदी शहाण्या मुलासारखे गुरगुरत राहते. "गुरुजी, गाडी चांगलीय की!" "अहो मिस्त्री, घाटात चढत नाही हो!" मग अंदाजाने काहीतरी बदलले जाते, बिल होते, आणि पुढच्या खेपेला खोपोली सोडली की पुन्हा तेच. मिस्त्री लबाड असतो असे मुळीच नाही. त्याच्या अंगणात हा दोष दिसतच नाही, ही खरी अडचण आहे. तो का दिसत नाही, हे एकदा समजले म्हणजे पुढचा शोध बराच सोपा होतो. म्हणून आधी घाटाविषयी दोन शब्द सांगतो.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना खुला झाला. घाटातून रेल्वे आली ती १८६३ साली. रेल्वेची चढण काही ठिकाणी सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, इतकी तीव्र आहे. आजही पुण्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. ती ढकलत ढकलत गाडी लोणावळ्याला आणून सोडतात. सपाटीवर जे इंजिन एकटे सगळी गाडी ओढते, त्याला इथे मदतनीस लागतात. आपल्या मोटारीला मात्र मदतनीस कोणी नाही. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत ती सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढते. गाडी आणि माणसे मिळून बाराशे किलो वजन धरले, तर नुसते ते वजन उचलायलाच पाऊण लिटरहून थोडे अधिक पेट्रोल खर्ची पडते. वारा कापणे, चाके फिरवणे हा खर्च वेगळाच. शाळेतल्या मास्तरांनी हा हिशेब वरच्या वर्गातल्या मुलांकडून जरूर करून घ्यावा. वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची इतकाच तो आहे. एक लिटर पेट्रोलात सुमारे बत्तीस मेगाज्यूल ऊर्जा असते आणि इंजिन त्यातली जेमतेम पाव हिस्सा कामी लावते, एवढे त्यांना सांगितले म्हणजे झाले.

आता इंजिनाकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल आणि ठिणगी. एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. खरे म्हणजे मोटार पेट्रोलपेक्षा हवाच जास्त खाते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला पंचवीस ठिणग्या पडतात, म्हणजे चारही मिळून शंभर. यांतल्या चार-दोन जरी चुकल्या, तरी तेवढ्यापुरता जोर तुटतो आणि आपल्या पाठीला हिसका जाणवतो.

ठिणगी चढावरच का चुकावी? आपण रेस दाबतो म्हणजे हवेचे दार जास्त उघडतो. सिलिंडरात जास्त हवा शिरते आणि दट्ट्या वर आला की ती जास्त घट्ट दाबली जाते. हवा जितकी दाटलेली, तितके तिच्यातून विजेला उडी मारणे अवघड. प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण एक मिलिमीटर, म्हणजे काहीच नाही; पण दाबलेल्या हवेतून तेवढी ओलांडायलाही कित्येक हजार व्होल्ट लागतात. गाडी उभी असताना दाब कमी, म्हणून थकलेली कॉइलसुद्धा वेळ मारून नेते. चढावर तिला ते जमत नाही. आणि कॉइलच्या आवरणाला, रबरी टोपीला बारीक तडा असेल, तर वीज प्लगची फट ओलांडण्याऐवजी त्या तड्यातून जवळच्या लोखंडात पळून जाते. पाण्याप्रमाणे विजेलाही सोपी वाट सापडली की ती अवघड वाटेने जात नाही.

इथे एक जुनी सवय सांगून ठेवतो. प्लग बाहेर काढायचा, इंजिनाला टेकवायचा, स्टार्टर मारायचा आणि निळी ठिणगी दिसली की "प्लग ओके" म्हणायचे. ही परीक्षा उघड्या हवेतली आहे. स्वयंपाकघरातल्या लायटरची ठिणगीसुद्धा उघड्या हवेत छान उडते. दाबाखाली ती उडेल की नाही हे त्यावरून कळत नाही. शिवाय आजच्या कॉइलचा विजेचा दाब इतका असतो की हा प्रयोग हाताला आणि गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना दोघांनाही धोक्याचा. तो करूच नये.

तेव्हा हिसका केव्हा आणि कसा येतो, याची नीट साक्ष देणारा माणूस म्हणजे गाडी चालवणारा. डॉक्टर जसे विचारतात, ताप सकाळी येतो की संध्याकाळी, थंडी वाजून येतो की नुसताच, तसे प्रश्न आपले आपल्याला विचारायचे.

पहिला प्रश्न थोडा टोचणारा आहे : गिअर कोणता होता? चौथ्या गिअरमध्ये ताशी तीस-पस्तीसच्या वेगाने चढ चढू पाहणारी गाडी थडथडणारच. पेट्रोल वाचते या समजुतीने पुष्कळजण गिअर खाली घेत नाहीत. तिसरा टाकला, दुसरा टाकला आणि थडथड गेली, तर गाडीत दोष नाही. मिस्त्रीकडे जाण्याचे कारणही नाही. आपोआप गिअर बदलणाऱ्या काही गाड्यांत दर बदलाला एक मंद झोका बसतो, तोही दोष नव्हे.

गिअर बरोबर असून हिसका येत असेल, तर त्याची जात ओळखायची. ठिणगीचा हिसका तुटक आणि तीक्ष्ण असतो, कोणी मागून टपली मारावी तसा; जोर दिला की येतो, पाय उचलला की तत्काळ जातो. पेट्रोल कमी पडते तेव्हा गाडी वेगळी वागते. आधी बरी चढते, मग हळूहळू तिचा दम जातो, ती ढेपाळते, पाय थोडा सैल सोडला की सावरते, पुन्हा दाबला की पुन्हा ढेपाळते. याचे कारण बहुधा तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप. हा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. म्हणून घाटाच्या प्रवासाला शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून निघण्याची सवय चांगली नाही. चढावर टाकीतले थोडेसे पेट्रोल मागे सरकते आणि पंपाच्या तोंडी हवा येऊ शकते. पाव टाकी तरी असावी.

हवेच्या बाजूचा दोष असेल, तर तो शोधायला पैसे पडत नाहीत. एअर फिल्टरचे झाकण उघडून पाहावे. जुलै महिन्यात लोणावळ्यात कसा पाऊस पडतो, हे मी सांगायला नको. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारे हे गाव. त्या दिवसांत पाण्याने भरलेल्या रस्त्यातून गाडी काढली, की फिल्टरचा कागद भिजून लगदा होतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी हाताने वाकवून पाहावी. तिच्या घड्यांत बारीक चीर असते, इंजिन स्थिर असताना ती मिटलेली राहते आणि जोर दिल्यावर इंजिन हलले की उघडते. मग न मोजलेली हवा आत शिरते आणि पेट्रोलचे प्रमाण चुकते. हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला तरी हाच परिणाम होतो. तो फडक्याने पुसू नये. त्याची तार केसासारखी नाजूक असते, त्यासाठी वेगळा फवारा मिळतो.

भाताची कापणी झाली, की आणखी एक पाहुणा बोनेटखाली येतो. खाचरातला उंदीर. इंजिनाची ऊब त्याला आवडते आणि तारांवरचे वेष्टन कुरतडायला त्याला गोड लागते की काय कोण जाणे! अर्धवट कुरतडलेली तार गाडी उभी असताना चालते आणि हादऱ्याने तुटते. तेव्हा दिवाळीच्या सुमारास हिसके सुरू झाले असतील, तर खर्चाच्या गोष्टी बोलण्याआधी बॅटरी घेऊन तारांवरून एकदा नजर फिरवावी.

ज्यांची गाडी गॅसवर, म्हणजे सीएनजीवर चालते, त्यांच्या हाती तर परीक्षेचे आयते बटण आहे. हिसके येऊ लागले की गाडी पेट्रोलवर घ्यावी. पेट्रोलवर हिसके साफ गेले, तर शोध बराचसा गॅसच्या बाजूला, तिचा फिल्टर, तिचा दाब इकडे वळतो. मात्र प्लग आणि कॉइल अजून निर्दोष सुटले असे समजू नये, कारण गॅस पेटवायला ठिणगी अधिक जोरदार लागते. गॅसच्या गाडीत जुना प्लग म्हणूनच लवकर उघडा पडतो. दोन्ही इंधनांवर सारखेच हिसके असतील, तर आधी ठिणगीच पाहावी.

डिझेलच्या जीपगाडीला किंवा पिकअपला प्लगची ठिणगी नसते, तिथे विचार निराळा. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साठणे, नळीच्या सांध्यातून हवा ओढली जाणे, किंवा टर्बोची नळी फाटणे, ही तिथली नेहमीची कारणे. शेवटच्या प्रकारात जोर दिला की शिटीसारखा किंवा फुसकारल्यासारखा आवाज येतो आणि मागे काळा धूर दिसतो.

काही हिसके इंजिनाचे नसतातच. फक्त जागेवरून निघताना गाडी थरथरते आणि पुढे नीट चालते, तर क्लच पाहावा. इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज चढतो, पण गाडी तेवढी पुढे जात नाही आणि करपल्यासारखा वास येतो, तर क्लचप्लेट घसरते आहे. रेस दाबताना आणि सोडताना एकेकदा 'धप्' असा आवाज झाला, तर इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसवलेले असते त्या फाटल्या असतील. हे सारे मी भरभर सांगितले, कारण यात मिस्त्रीची सहसा चूक होत नाही. त्याच्या हाताला ते लगेच कळते.

चूक होते ती ठिणगी आणि पेट्रोल यांच्यात. आमच्या ओळखीतल्या एका प्राथमिक शिक्षकांची हकीकत सांगतो. त्यांची जुनी घेतलेली पेट्रोलची गाडी घाटात हिसके देऊ लागली. आधी टाकी साफ झाली. मग टाकीतला पंप बदलला, त्याला चांगलेच पैसे पडले. मग नोझल धुतले. दर वेळी गाडी दुकानापुढच्या सपाट रस्त्यावर फिरवून पाहिली, दर वेळी ती छान चालली. शेवटी एक तरुण मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, चला, मी बसतो तुमच्याशेजारी." मळवलीहून लोहगडवाडीकडे जो रस्ता चढतो, त्यावर ते गाडी घेऊन गेले. मिस्त्रीने सोबत स्कॅनर लावला होता. चढावर तीन-चार हिसके बसताच त्यावर खूण आली, पी ०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरात जाळ नीट होत नाही. आता तिसऱ्यात प्लग वाईट, कॉइल वाईट की नोझल वाईट? त्याने कडेला गाडी थांबवली, इंजिन बंद करून थोडे निवू दिले आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली. पुन्हा चढ. या वेळी खूण आली पी ०३०२. दोष कॉइलबरोबर घर बदलून गेला! नवीन कॉइल त्या पंपाच्या मानाने पुष्कळच स्वस्तात आली.

मला या हकीकतीत स्कॅनरपेक्षा ती अदलाबदल अधिक मोलाची वाटते. स्कॅनर कुठे दुखते ते सांगतो, का दुखते ते नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे, हा प्रयोगशाळेतला नियम तिथे रस्त्याच्या कडेला पाळला गेला. एकाच दिवशी प्लग, कॉइल आणि फिल्टर असे तिन्ही बदलले तर गाडी कदाचित सुधारेल, पण दोष कशात होता ते कोणालाच कळणार नाही. अर्थात प्लगची मुदतच संपली असेल, तर ते बदलावेतच. गाडीच्या पुस्तिकेत किती किलोमीटरला बदलायचे ते लिहिलेले असते, आणि बहुतेकांच्या गाडीत ते पुस्तक कोरे करकरीत पडलेले असते.

जुन्या मंडळींना आठवत असेल, फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या काळात घाटात बोनेट उघडून पेट्रोलपंपावर ओले फडके टाकलेल्या गाड्या जागोजाग दिसत. इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि पंप वाफ ओढत बसे. आजच्या गाडीत पंप टाकीत असतो आणि नळीत दाब पुष्कळ असतो, त्यामुळे तो आजार जवळजवळ गेला. त्या आठवणीने आजच्या तापलेल्या इंजिनावर पाणी ओतायला मात्र कोणी धावू नये. कॉइलच्या खड्ड्यात पाणी साचले, तर नसलेला हिसका सुरू होईल.

आजकाल पुष्कळजण विचारतात, हे पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे तर नाही? २०२५ पासून बहुतेक पंपांवरच्या पेट्रोलात सुमारे वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पाणी फार झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात आणि पंप नेमका तळातलाच माल ओढतो. त्यामुळे पावसाळाभर न हलवता उभी ठेवलेली गाडी, टाकीचे झाकण नीट न बसणारी गाडी, किंवा जुन्या रबरी नळ्यांची गाडी यांना त्रास होऊ शकतो. पण रोज चालणारी, ताजे पेट्रोल भरणारी गाडी एकाएकी फक्त चढावर हिसके देऊ लागली, तर सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारून स्वस्थ बसणे बरोबर नाही. आधी प्लग पाहा.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. घड्याळांच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. तो स्थिर पेटला, तर लवकर मिस्त्रीकडे जावे. तो लुकलुकू लागला, तर त्याच क्षणी पाय सैल करावा. न जळलेले पेट्रोल धुराड्याच्या वाटेवरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असते आणि तो भाग लालबुंद होऊ शकतो. तो निकामी झाला की फार महाग पडतो, आणि उन्हाळ्यात अशी गाडी वाळल्या गवतावर उभी केली तर खालून आग लागण्याची भीती असते.

घाटात हिसके सुरू झाले की माणूस घाबरून आणखी जोराने रेस दाबतो. त्याने दोष वाढतो, आणि मागून येणाऱ्या भरल्या ट्रकला आपली गाडी मध्येच मंदावलेली कळत नाही. पाय सैल करावा, गिअर खाली घ्यावा, चारी बाजूंचे दिवे लुकलुकते ठेवून डावी बाजू धरावी. कमी जोरावर गाडी रांगत का होईना चढत असेल, तर पुढची रुंद, सुरक्षित जागा गाठावी; वळणावर थांबू नये. थांबावेच लागले, तर हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावावा, आणि निघताना तो दगड आठवणीने रस्त्यातून दूर टाकावा. बायकामुलांना गाडीत बसवून न ठेवता कठड्यापलीकडे, निसरडे नसेल तिथे उभे करावे. धुक्यात तर हे विशेषच. मदतीला ११२ हा क्रमांक आहे.

मिस्त्रीकडे जाण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात. हिसका थंड इंजिनावर येतो की तापल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, पावसात जास्त येतो का, टाकी किती भरलेली होती, दिवा पेटला होता का, आणि शेवटचे पेट्रोल कुठे भरले. तो कागद त्याच्या हाती द्यावा आणि "चढावर सोबत चला" असे सांगावे. त्याचा तासभर जाईल, तर त्या तासाचे पैसे खुशीने द्यावेत. काम झाल्यावर काढलेला जुना भाग मागून घ्यावा. कॉइलच्या टोपीवर उजेडात धरून पाहिले, तर वीज पळाल्याची केसाएवढी काळी रेघ कित्येकदा दिसते. शाळेत विजेचा धडा असेल त्या दिवशी ती मुलांना दाखवता येईल.